उघाडीचे दिवस

मार्गशीर्ष लागला, खळ्यांवरची झोडणी संपत आली आणि पहाटेच्या वाऱ्याला धार चढली, की कोन-पिंपळासपासून कशेळी-काल्हेरपर्यंत आणि तेथून खारबावच्या अंगाने वसईच्या दिशेला, भिवंडीच्या खाडीकाठच्या खाजणांत सूर्योदयापूर्वी पांढरे धुके उतरते. ते इतके सखल असते, की बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाचे गुडघे त्यात बुडतात आणि डोके मात्र मोकळ्या थंड हवेत राहते, तिवरांचे शेंडे अधांतरी टेकल्यासारखे दिसतात, आणि पलीकडून येणारी होडी दृष्टीस पडण्यापूर्वी तिच्या वल्ह्याचा आवाज कानी येतो. ज्यांनी हे गाव केवळ मागांच्या खडखडाटावरून आणि हमरस्त्यालगतच्या गोदामांवरून ओळखले आहे, त्यांना भिवंडी हे मुळात एक बंदर आहे, असे सांगितले तर प्रथम नवल वाटते. परंतु उल्हास नदी साष्टी बेटाला वळसा घालून जेथे समुद्राची भरती आपल्या उदरात घेते, तेथून भिवंडीचे पाणी दूर नाही. कामवारी नदीच्या मुखाने ती भरती गावाच्या कुशीपर्यंत येत असे, आणि तिच्याबरोबर मचवे व पडाव येत असत. आतल्या मुलखातले भात, साग, जळाऊ लाकूड आणि गवत खाली जाई. मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर येई. घाटावरून उतरणारा बैलांचा तांडा आणि समुद्रातून चढणारी होडी यांची गाठ पडण्याचे जे ठिकाण, त्याला आपल्याकडे पेठ म्हणतात. कल्याण आणि भिवंडी ही त्या अर्थाने जोडपेठ होती, आणि जुन्या कागदांत ही दोन नावे बहुधा एका श्वासात येतात.

या बंदराचा भूतकाळ चाळताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवत गेली. येथील इतिहास वर्षाच्या बारा महिन्यांत सारखा वाटलेला नाही. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत तो जणू झाकून ठेवलेला असतो. समुद्र खवळलेला, नद्या दुथडी, वाटा चिखलाने रुतलेल्या, फौजा छावणीत आणि गलबते किनाऱ्यावर शाकारलेली. आश्विनात उघाड पडते, दसऱ्याला सीमोल्लंघन होते, आणि मग पौषापर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत जे काही व्हायचे ते होते. व्यापार त्याच दिवसांत निघतो आणि युद्धही त्याच दिवसांत. हिवाळ्याची सुरुवात हा येथल्या लोकांना निसर्गाने दिलेला कौल आहे.

याच्या नेमके उलटे चित्र पाहायचे असेल, तर आशिया खंडाच्या दुसऱ्या टोकाला, जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील कागा प्रांतात जावे. तेथे हिवाळ्याच्या तोंडाला सैबेरियाकडून कोरडा, बोचरा वारा सुटतो, मधल्या समुद्रातल्या उष्ण प्रवाहावरून येताना तो ओलावा शोषून घेतो, आणि किनाऱ्यामागच्या डोंगरांवर त्याचे बर्फ होऊन कोसळते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत त्या किनाऱ्यावर ‘कितामाएबुने’ नावाची व्यापारी गलबते चालत. ती वसंतात ओसाकाहून निघत, उत्तरेच्या एझो बेटापर्यंत, म्हणजे आजच्या होक्काइदोपर्यंत, माल विकत आणि घेत जात, आणि शरद ऋतू संपता संपता परत येऊन हिवाळाभर ओसाकाजवळ नांगरून पडत. खलाशी तेथून पायी आपापल्या गावी परतत. कागातले हाशिदाते हे गाव अशा गलबतमालकांचे. मेइजी काळात ते देशातले सर्वांत श्रीमंत गाव म्हणून गाजले. वर्षभर खारे वारे खाऊन आलेल्या त्या खलाशांचे श्रम उतरत ते जवळच्याच यामानाका येथील उष्णोदकाच्या कुंडांत, आणि त्या गावचे जे प्रसिद्ध लोकगीत आहे, ते उत्तरेत ऐकलेल्या चाली खलाशी कुंडात बसून गुणगुणत त्यातून घडले, अशी तेथील परंपरा सांगते. म्हणजे तेथे सुरुवातीचा हिवाळा हे समुद्राचे दार मिटण्याचे निमित्त, आणि आपल्याकडे उघडण्याचे. ज्या वाऱ्यांच्या फेऱ्याने हे दोन्ही घडते तो मात्र एकच. एकाच खंडाच्या उच्छ्वासाने एक बंदर झाकले जाते आणि दुसरे मोकळे होते. उष्ण कुंडांचे साम्य मनात ठेवून मी पुढे जातो. त्यांच्याकडे नंतर येईन.

उघाडीच्या दिवसांतली पहिली मोठी नोंद शके १५७९ ची. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेच्या दिवशी, २४ ऑक्टोबर १६५७ रोजी, कल्याण आणि भिवंडी ही ठाणी शिवाजी महाराजांच्या माणसांनी आदिलशाहीकडून घेतली. त्या वर्षी विजापूरची गादी डळमळीत झाली होती आणि दिल्लीचा बादशहा आजारी पडला होता, हे राजकारण सर्वश्रुत आहे. परंतु कोकणात उतरण्याची वेळ दिवाळीच्या तोंडाशी निवडली गेली, यात ऋतूचा हिशेबही तितकाच होता, असे मी मानतो. घाटवाटा नुकत्याच वाळलेल्या, भात अजून शेतात किंवा नुकते खळ्यावर आलेले, आणि खाडीतली तारवे हंगामासाठी सज्ज होऊ लागलेली. ठाणे हाती येते ते धान्यासकट, जकातीसकट आणि नावांसकट.

आणि त्या ठाण्याबरोबर महाराजांच्या हाती आला समुद्र. मराठी आरमाराचा पाळणा कोठे हलला असे कोणी विचारले, तर लोक सिंधुदुर्गाचे किंवा कुलाब्याचे नाव घेतात. वस्तुतः ते उत्तर कल्याण-भिवंडीच्या खाडीत शोधले पाहिजे. १६ ऑगस्ट १६५९ च्या पत्रात गोव्याच्या पोर्तुगीज सत्ताधाऱ्यांनी आपल्या राजाला कळवले, की शहाजीच्या पुत्राने वसई व चौलजवळचा मुलूख घेतला आहे आणि भिवंडी, कल्याण व पनवेल येथे काही लढाऊ जहाजे बांधली आहेत. ती वसईच्या पाण्यातून बाहेर पडू नयेत अशी ताकीद वसईच्या कप्तानाला दिली आहे. खाडीचे मुख पोर्तुगीजांच्या हाती होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या ताकिदीचे मर्म कळते: जहाज कितीही उत्तम बांधले तरी त्याला समुद्र दिसायचा तो वसईच्या तोफांखालूनच. विशेष असे, की या कामावर रुय लैतांव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज कारागीर, त्याचा मुलगा फर्नांव आणि त्यांच्या हाताखालची सुमारे ३४० माणसे लागलेली होती. दंडाराजपुरीच्या सिद्दीविरुद्ध वापरण्यासाठी वीस संगुसेल जातीची हलकी जहाजे बांधायची, असा बेत होता. वसईच्या अधिकाऱ्याने त्या माणसांचे कान भरले, उद्या हीच जहाजे तुमच्या स्वतःच्या राजावर चालून येतील असे पटवले, आणि ती सारी मंडळी काम टाकून निघून गेली.

बांधणीच्या त्या तळावर, ओहोटीच्या चिखलात अर्धवट फळ्या ठोकलेले सांगाडे उभे असतील, आणि त्यांच्याभोवती ज्यांना तोवर फक्त मासेमारीच्या होड्या बांधता येत होत्या असे कोळी, भंडारी व सुतार उभे असतील. त्यांनी ते काम पुढे नेले. मराठ्यांचे आरमार त्यामुळे थांबले नाही, हे पुढच्या वीस वर्षांच्या इतिहासाने दाखवले. लाकडाची ददात नव्हती, कारण शहापूर-जव्हारच्या बाजूचे सागवान नदीच्या वाटेने येथे पोहोचत असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी झाडे तोडण्याविषयी जो विचार आहे, तो मला फार मोलाचा वाटतो: सागासारखी झाडे हुजुरांच्या परवानगीने घ्यावीत, परंतु आंबा-फणस यांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि ती तोडल्यावर होणारे दुःख राज्याला बाधते. जहाजाला लाकूड लागते आणि राज्याला जहाज लागते, हे मान्य करूनही ज्या शासनाला झाडाच्या धन्याचे दुःख मोजावेसे वाटले, त्याची आठवण या खाडीवर उभे असताना होते.

पुढच्या ऐंशी वर्षांत मोगल आले, मराठे आले, पुन्हा मोगल आले. तो तपशील येथे पसरण्याचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात भिवंडीजवळच्या अंजूर गावच्या गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या भावांनी फिरंगाणातल्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मुलखातल्या, लोकांचे गाऱ्हाणे पेशव्यांपर्यंत पोहोचवले. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली त्या वेळी, आणि पुढे वसईच्या मोहिमेतही, स्थानिक माहिती आणि माणसे पुरवण्यात या घराण्याचा वाटा मोठा होता. एका खाडीकाठच्या गावातली काही माणसे उठतात आणि एका युरोपीय सत्तेचे दोन शतकांचे ठाणे हलते, हे अंजूरच्या आजच्या शाळकरी मुलांना सांगितले जाते की नाही, याची मला मनापासून चिंता वाटते. १७३८ च्या हिवाळ्यात मोहिमेने नवा जोर धरला, जानेवारी १७३९ मध्ये माहीम पडले, आणि मे महिन्यात वसई चिमाजी अप्पांच्या स्वाधीन झाली. वसईच्या वाटेवर अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला होता, अशी परंपरा आहे. तो फेडण्यासाठी सुभेदार शंकर केशव फडके यांनी तानसा नदीकाठच्या टेकाडावर देवीचे मंदिर उभारले. ५२ पायऱ्या चढून त्या दाराशी आले, की देवळात शिरतो आहोत की किल्ल्यात, असा क्षणभर संभ्रम पडतो. तट आणि नगारखाना असा, की वसई जिंकणाऱ्यांनी वसईचीच आठवण दगडात कोरून ठेवावी.

वसई गेली तीही हिवाळ्याच्या सुरुवातीलाच. इंग्रजांनी २८ डिसेंबर १७७४ रोजी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला होता. सहा वर्षांनी, १७८० च्या पावसाळ्यानंतर, जनरल गॉडर्ड वसईवर चालून आला. नोव्हेंबरच्या मध्यापासून त्याने मोर्चे लावले, आणि घाटावरून येणारी मराठ्यांची कुमक अडवण्याचे काम कर्नल हार्टलीकडे सोपवले. हार्टली कल्याणच्या बाजूने मागे सरत भिवंडीच्या उत्तरेला दुगाड येथे येऊन थांबला. त्याच्यासमोर होते रामचंद्र गणेश, पेशवाईतले नावाजलेले सरदार. १० आणि ११ डिसेंबरला त्यांनी हल्ले केले; हार्टली हलला नाही. दरम्यान ११ तारखेलाच वसईने शरणागती पत्करली होती. म्हणजे ज्या किल्ल्याची सुटका करण्यासाठी दुगाडच्या माळावर माणसे पडत होती, तो हातचा निघून गेलेला होता.

१२ डिसेंबर १७८० ची पहाट ही मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आगेमागेची पहाट होती. या भागात त्या दिवसांत कशा पहाटा असतात, हे मी वर सांगितले आहे. हार्टलीने आपल्या बगलेच्या दोन उंचवट्यांवर मोर्चे बांधले होते. तेच वळसा घालून घ्यायचे, असा रामचंद्र गणेशांचा बेत. त्यांनी अरबांची तुकडी आणि नरोन्या नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या हाताखालचे कवायती पायदळ बरोबर घेतले आणि दाट धुक्याच्या आडोशाने ते त्या उंचवट्यांच्या अगदी जवळ जाऊन पोहोचले. धुके आणखी घटका-दोन घटका टिकते, तर त्या दिवसाचे काय झाले असते, हे सांगता येत नाही. ते एकाएकी विरले. सूर्य वर आला, माळ स्वच्छ उजळला, आणि धुक्याच्या भरवशावर पुढे गेलेले ते लोक तोफांच्या माऱ्यात उघडे पडले. रामचंद्र गणेश तेथेच ठार झाले, नरोन्या जखमी झाला, आणि मराठ्यांची फौज मागे फिरली. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई पेशव्यांना परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडे राहिली. पण रामचंद्र गणेशांच्या हिशेबात तो तह उशिराचा होता.

पानिपतावर आपण ग्रंथ लिहिले, आणि ते योग्यच केले. दुगाड मात्र आपल्या शाळेच्या पुस्तकांत कोठेही आढळत नाही. भिवंडीहून वज्रेश्वरीला जाणाऱ्या शेकडो गाड्या त्या परिसरातून जातात आणि उजव्या-डाव्या हाताला दिसणाऱ्या त्या बुटक्या टेकड्यांना कोणी नाव विचारत नाही. मी नाव विचारले. आणि तेव्हापासून मार्गशीर्षातले धुके माझ्यासाठी केवळ हवामान राहिले नाही.

आता त्या उष्णोदकाकडे. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी या तीन गावांच्या आसपास, तानसेच्या पात्रात आणि काठावर, गरम पाण्याचे झरे आहेत. अकलोलीच्या कुंडांशी हिवाळ्यातल्या पहाटे गेले पाहिजे. नदीच्या थंड पाण्यावरून एक वाफ वर येत असते आणि कुंडाच्या पाण्यावरून दुसरी, आणि दोन्ही एकमेकींत मिसळून काठचे दगड ओले करतात. दगडी बांधणीच्या चौकोनी कुंडाच्या तळातून बुडबुड्यांच्या माळा सुटत असतात. कडांना हिरवट शेवाळ, हवेत गंधकाचा उग्र दर्प, आणि बोटातली चांदीची अंगठी थोड्याच वेळात काळवंडलेली. पाणी पन्नास अंशांच्या आसपास तापलेले असल्याने प्रथम पाऊल टेकवतानाच माणूस मागे घेतो. मग हळूहळू, देवाचे नाव घेत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. आमच्या घरातली वडीलधारी मंडळी संधिवातासाठी येथे मुक्काम करीत, आणि परतताना त्यांच्या पितळी कळशीत तेच पाणी असे. गणेशपुरीला भीमेश्वराच्या देवळाजवळची कुंडे आहेत. १९३६ च्या सुमारास नित्यानंद स्वामी तेथे येऊन राहिले, आणि १९६१ मध्ये त्यांनी देह ठेवल्यावर तर देशोदेशींची माणसे त्या लहानशा गावाची वाट धरू लागली.

या पाण्याची उत्पत्ती लोक राक्षसाच्या रक्ताशी आणि परशुरामाच्या यज्ञाशी जोडतात. भूशास्त्र सांगते ते निराळे असले, तरी कमी अद्भुत नाही. कोकणच्या किनाऱ्याला समांतर अशी उष्ण झऱ्यांची एक ओळच आहे. उत्तरेस पालघरकडचे कोकनेर आणि सातिवली, मग आपली अकलोली-गणेशपुरी, महाडजवळचे सव, खेड-दापोलीकडचे उन्हवरे, संगमेश्वराकडची तुरळ आणि आरवली, आणि दक्षिणेस राजापूरचे उन्हाळे. ही साडेतीनशे किलोमीटरांची रेषा भूकवचातल्या भेगांची आहे. पावसाचे पाणी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या पाषाणातल्या चिरांतून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते, क्षार विरघळवून घेते आणि भेग सापडेल तेथे वर येते. जपानमधल्या अनेक उष्ण झऱ्यांखाली जिवंत ज्वालामुखींचा विस्तव असतो. आपल्या झऱ्यांखाली तसा विस्तव नाही, येथे केवळ खोलीची ऊब आहे. जपान्यांनी १९४८ साली कायदा करून पंचवीस अंश किंवा त्याहून उष्ण निघणाऱ्या भूजलाला उष्णोदकाचा दर्जा दिला आणि त्याच्या रक्षणाची व्यवस्था लावली. आपल्याकडे पन्नास अंशांचे पाणी देवीच्या पायाशी वाहते, आणि त्याच्या काठी भाविक साबणाचे कागद आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकून जातात. हे पाहून होणारे दुःख मी लपवू शकत नाही.

तानसेचे पाणी १८९२ पासून धरणात अडून मुंबईच्या नळांना जाऊ लागले. आगगाडी १८५३ साली ठाण्यास आणि पुढच्या वर्षी कल्याणास पोहोचली. भिवंडी वाटेतून बाजूला राहिली, आणि बंदराचे महत्त्व ओसरू लागले. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी या गावाला दुसरा उद्योग दिला, आणि त्यांच्या हातमागांतून आजचे यंत्रमागांचे शहर वाढले. तो स्वतंत्र इतिहास आहे आणि स्वतंत्र लेखाचा धनी आहे.

खाडी मात्र अजून आपले वेळापत्रक सोडत नाही. खाजणातली भातशेती ही समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. तिला बांध घालून राखणारा तो शिलोत्रदार, आणि बांध राखण्याच्या बदल्यात त्याला कुळांकडून धान्याचा वाटा मिळत असे. मिठाच्या आगरांवरून ज्यांना नाव पडले त्या आगरी लोकांचे सारे वर्ष या बांधांभोवती फिरत आले आहे. पावसात भात, आणि उघाड पडली की मिठाची तयारी: आगरातले पावसाचे गोडे पाणी काढून टाकायचे, तळाची माती तुडवून घट्ट करायची, मग उधाणाच्या भरतीला खारे पाणी आत घ्यायचे आणि उन्हाने ते आटवत उन्हाळ्यापर्यंत वाट पाहायची. भरती-ओहोटीची पत्रके छापली जाण्यापूर्वी ही माणसे चंद्राच्या कलेवरून पाण्याची उंची सांगत, आणि आजही सांगतात. काल्हेर-पूर्णेच्या बाजूला अनेक खाजणांवर भराव पडला आणि गोदामे उभी राहिली. जेथे ती उरली आहेत, तेथे हे ज्ञान उरले आहे.

गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या पहाटे मी मुद्दाम दुगाडला गेलो होतो. धुके होते, टेकड्या दिसत नव्हत्या. कापलेल्या भाताच्या खाचरांत, उरलेल्या ओलीवर, वाल पेरलेला होता, आणि त्याच्या कोवळ्या पानांवर दवाचे मणी असे दाट, की शेत राखी रंगाचे दिसत होते. एक म्हातारा शेतकरी खांद्यावर घोंगडी टाकून बांधावरून येत होता. मी त्याला येथल्या लढाईविषयी काही ऐकले आहे का, असे विचारले. त्याने थोडा विचार केला आणि मान हलवली. मग माझ्या नजरेच्या दिशेने, पांढऱ्या पडद्याकडे पाहून तो म्हणाला, “आज दव चांगलं पडलंय बाबा. वालाला लय बरं.” साडेसातच्या सुमारास टेकडीचा माथा प्रथम दिसला, मग उतार, मग पायथ्याची जांभळीची झाडे, पाचेक मिनिटांत सगळा माळ उघडा झाला. म्हातारा तोवर पलीकडच्या खाचरात पोहोचला होता आणि खाली वाकून पानांखाली हात फिरवून माती ओली आहे का, ते पाहत होता.